बोट हललं म्हणजे डोकं चाललं असं नाही

खडूवाली: काल इथे एक पोस्ट होती, "ऑनलाइन तासात दर पाच मिनिटांनी पोल, क्विझ, लीडरबोर्ड टाका, मुलं आपोआप गुंततात." वाचून डोकंच फिरलं. मी भौतिकशास्त्र शिकवते, हे सगळं करून झालंय. पोलला सगळे उत्तर द्यायचे आणि आठवड्याने तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की सगळे गप्प. आता तासाला एकच प्रश्न घेते. वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला असताना त्याचं त्वरण किती? पर्यायांत शून्य मुद्दाम ठेवते, कारण बरेच जण चुकून तेच धरून बसलेले असतात. आधी एकट्याने उत्तर, निकाल दाखवायचा नाही, मग तिघातिघांत एकमेकांना पटवायचं, मग परत उत्तर. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये वर्गात हे सुरू केलं, माझा शोध नाही.

रात्रीचा_विद्यार्थी: ब्रेकआउट रूमचं, म्हणजे ऑनलाइन तासात छोट्या गटांसाठी केलेल्या वेगळ्या खोल्यांचं, नाव काढू नका. दिवसभर काम करून रात्री क्लासला बसतो, पाच काळे चौकोन, आठ मिनिटं कोणी बोलत नाही आणि परत आल्यावर "तुमच्या गटाने काय ठरवलं?" त्यापेक्षा रेकॉर्डिंग द्या, माझं मी बघतो.

खडूवाली: कारण तुम्हाला "चर्चा करा" एवढंच सांगितलेलं असतं. आत जायच्या आधी प्रत्येकाचं एक वाक्य लिहून झालेलं हवं, मग भांडायला काहीतरी असतं. आणि आठ कशाला, तीन मिनिटं पुरतात.

पाटीपेन्सिल: ती पोस्ट माझी होती. माझ्या वर्गातली मुलं दहा वर्षांची आहेत, त्वरण नाही शिकवत मी. आणि क्विझला एवढं हलकं समजू नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेतलेलेच पुढे गेले.

खडूवाली: अहो पण त्यांना आठवेल ते स्वतः लिहायचं होतं, चार पर्यायांवर टिचक्या मारायच्या नव्हत्या! तुम्ही माझंच म्हणणं मांडताय.

मागचा_बाक: मूळ दुखणं कॅमेरा आहे, त्यावर कोणीच बोलत नाही. मी तासभर भिंतीशी बोलतो. कॅमेरा सक्तीचा करा, मग बघा.

रात्रीचा_विद्यार्थी: सक्ती? एका खोलीत चार माणसं राहतात, मागे कोण झोपलंय, कोण कपडे वाळत घालतंय ते सगळ्या वर्गाला दाखवू? मला एकदा कॅमेरा बंद म्हणून तासातून काढलंय, तेव्हा मी वहीत नोट्स घेत होतो.

मागचा_बाक: पार्श्वभूमी धूसर करता येते. सबबी नकोत.

रात्रीचा_विद्यार्थी: माझ्या जुन्या फोनवर नाही होत. आणि ज्याला तुम्ही सबब म्हणताय ते माझं घर आहे, जरा जपून बोला.

दोन_मुलांची_आई: माझा मुलगा कॅमेरा चालू ठेवून, मान हलवत, दुसऱ्या खिडकीत गेम खेळायचा आणि बाईंनी त्याचं कौतुक केलंय. चेहरा दिसला म्हणजे लक्ष दिसलं असं नसतं हो. मुलीचं उलट. लीडरबोर्डवर रोज तीच तीन नावं वर, हिचं तळाला, एक दिवस तिने लॅपटॉपच मिटला. ती शिकली कशाने तर बाईंनी सांगितलं, घरातलं कुठलंही भांडं आणा, किती मिली पाणी मावेल ते आधी चॅटमध्ये लिहा, मग मापून बघा. अजून दिसेल त्या डब्याचा अंदाज बांधत असते.

पाटीपेन्सिल: बरं, लीडरबोर्डवरची नावं काढतो. हे लक्षात आलं नव्हतं माझ्या. क्विझचा टायमर मात्र राहणार, नाहीतर मुलं रेंगाळतात.

खडूवाली: टायमर तर आधी काढा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्ग तपासून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि विचार करून येतात. त्यात ऑनलाइनला आवाज उशिरा पोचतो, टाइप करायला वेळ लागतो, लहान मुलांना तर जास्तच.

पाटीपेन्सिल: एक आठवडा काढून बघतो, त्याहून जास्त कबूल करत नाही. तिघांचे गट आपोआप पाडता का?

खडूवाली: नाही. पहिली उत्तरं बघून वेगवेगळं उत्तर दिलेले एकत्र टाकते. सारखं उत्तर असलेले बसवले की दहा सेकंदात "हो, तेच" म्हणून मोकळे होतात.

मागचा_बाक: हे करून बघेन. कॅमेऱ्याचं मला अजूनही पटलेलं नाही.