जंक्शन नाही तरी व्होल्टेज? फेरोइलेक्ट्रिकवर उजेड पडला की नक्की काय होतं

अर्धवट_फिजिक्स:
एमएस्सीच्या प्रोजेक्टला फेरोइलेक्ट्रिक (ज्यात आतला चार्ज मुळातच एका दिशेला सरकलेला असतो, म्हणजे पोलरायझेशन असतं, आणि बाहेरच्या फील्डने ते उलटवता येतं अशी मटेरियल) आणि प्रकाश असा विषय मिळालाय आणि वाचून वाचून डोकं गरगरतंय. सिलिकॉनच्या सेलमध्ये पी-एन जंक्शन असतं, तिथल्या फील्डमुळे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी झालेली जागा) वेगळे होतात, इथपर्यंत ठीक. पण लिथियम नायोबेटच्या एकसंध क्रिस्टलमध्ये जंक्शनच नाही, तरी उजेड टाकला की करंट वाहतच राहतो आणि व्होल्टेज बँडगॅपच्या (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) कितीतरी पट, हजार व्होल्टच्या वरसुद्धा जातं म्हणे. सिलिकॉन बिचारं 0.7 व्होल्टच्या आसपास अडकतं. मग पॅनेल याची का नाही बनवत? आणि याच प्रकारच्या मटेरियलची पावडर पाण्यात टाकून हायड्रोजन काढतात, तिथे हे व्होल्टेज कामी येतं का? सर म्हणाले बल्क फोटोव्होल्टाइक इफेक्ट (जंक्शनशिवाय अख्ख्या क्रिस्टलमध्येच उजेडाने करंट येणं) वाच, वाचायला घेतला, पण टेन्सर आले की मी संपलो.

स्फटिकवेडा:
व्होल्टेज बघून भुलू नका. टेन्सर सध्या बाजूला ठेवा. ज्या क्रिस्टलला सममितीचं केंद्र नसतं त्यात फोटॉन गिळून इलेक्ट्रॉन वरच्या बँडमध्ये (ऊर्जेच्या पट्ट्यात) गेला की त्याच्या चार्जची जागाच एका ठरावीक दिशेला सरकते, याला शिफ्ट करंट म्हणतात (बॅलिस्टिक नावाचा दुसरा वाटाही असतो, तो तूर्तास सोडा). 1974 मध्ये बेल लॅब्समध्ये ग्लास आणि सहकाऱ्यांनी लोह मिसळलेल्या लिथियम नायोबेटमध्ये असाच जंक्शनशिवायचा करंट दाखवला होता.
म्हणजे इथे आधी येतो करंट, व्होल्टेज त्याच्या मागून. बारीक धारेने टाकी भरतेय आणि गळती जवळजवळ नाही, तर पातळी चढणारच, तसं. मटेरियल जितकं चांगलं इन्सुलेटर आणि इलेक्ट्रोड जितके लांब तितकं व्होल्टेज जास्त, पण लोड जोडला की ते बसतं कारण करंट फारच किरकोळ. त्यात बेरियम टायटॅनेटचा बँडगॅप 3.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे फक्त अल्ट्राव्हायोलेट चालणार, आणि सूर्याच्या ऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम 5 टक्के. बिस्मथ फेराइट 2.7 ला निळ्यापर्यंत येतं, बस.

ऑक्साइडवाला:
स्फटिकवेडा, एवढं निराशाजनक पण नाहीये हो. 2013 मध्ये पोटॅशियम नायोबेटमध्ये बेरियम आणि निकेल घालून बँडगॅप 1.1 पर्यंत खाली आणला होता, आणि 2015 मध्ये बिस्मथ-लोह-क्रोमियम ऑक्साइडच्या अनेक थरांच्या सेलने 8.1 टक्के एफिशियन्सी दिली.

स्फटिकवेडा:
8.1 मान्य, पण पातळ फिल्ममध्ये इलेक्ट्रोडपाशी शॉटकी बॅरियर (धातू आणि मटेरियलच्या सीमेवरचा, जंक्शनसारखं फील्ड देणारा अडथळा) असतो आणि पोलरायझेशन उलटवलं की तोही बदलतो, त्यामुळे सगळं श्रेय बल्क इफेक्टला देणं मला पटत नाही. बिस्मथ फेराइटचंच बघा ना, 2010 मध्ये डोमेन वॉलमुळे (पोलरायझेशनची दिशा वेगळी असलेल्या भागांमधल्या, म्हणजे डोमेनमधल्या सीमेमुळे) व्होल्टेज येतं असं मांडलं गेलं, आणि 2013 मध्ये दुसऱ्या गटाने मुख्य कारण बल्क इफेक्टच असल्याचं मांडलं.

निळी_पावडर:
कॅटॅलिसिसचं, म्हणजे पावडरने हायड्रोजन काढण्याचं, मी सांगते, माझं रोजचं काम आहे. काही शे नॅनोमीटरच्या कणात ते हजार व्होल्ट वगैरे विसर, अंतरच नाही तेवढं. तिथे कामाचं असतं ते पृष्ठभागावरचं पोलरायझेशन. पॉझिटिव्ह बाजूला बँड खाली वाकतात, इलेक्ट्रॉन तिकडे जमतात आणि रिडक्शन होतं, निगेटिव्ह बाजूला होल जमून ऑक्सिडेशन. 2001 मध्ये बेरियम टायटॅनेटवर हे चक्क दिसलं होतं, चांदी पॉझिटिव्ह डोमेनवर जमा झाली आणि लेड ऑक्साइड निगेटिव्हवर. दोन्ही रिॲक्शन वेगळ्या जागी झाल्या की इलेक्ट्रॉन-होल परत एकमेकांत विरत नाहीत, खरा फायदा हा.
पण पृष्ठभाग कधी उघडा नसतो, पाण्यातले आयन येऊन चिकटतात आणि बराच चार्ज झाकून टाकतात. आणि कण खूप बारीक केला की फेरोइलेक्ट्रिकपणाच जायला लागतो, म्हणजे सरफेस एरिया वाढवायला गेलं की दुसरीकडे मार. मेथिलीन ब्लूचा (चाचणीला वापरतात तो निळा डाय) रंग उडाला म्हणून लगेच नाचू नकोस, तो डाय स्वतःच उजेड शोषतो. मेथॅनॉल घालून (ते होल खाऊन टाकतं) हायड्रोजन काढला तर ते पाण्याचं विघटन नव्हे, हायड्रोजन आणि ऑक्सिजन 2 ला 1 आले तरच बोल.

अर्धवट_फिजिक्स:
बापरे. मग माझ्या क्रिस्टलवर आलेला करंट बल्क इफेक्टचाच आहे हे कसं ओळखायचं? लाइट चालू करताच मोठा स्पाइक येतो आणि मग खाली बसतो.

स्फटिकवेडा:
तो स्पाइक बहुतेक पायरोइलेक्ट्रिक, उजेडाने क्रिस्टल तापतो आणि तापमान बदलत असेपर्यंतच तो करंट असतो. लाइट बंद केल्यावर उलटा स्पाइक आला तर पक्कं. नंतर जो सपाट करंट उरतो तो तुमचा, त्यातून अंधारातला लीकेज वजा करा. पोलिंग (फील्ड लावून पोलरायझेशन एका दिशेला वळवणं) उलटं करून चिन्ह बदललं एवढ्यावर थांबू नका, पायरोचंही बदलतं. पोलरायझर लावून प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवा, बल्क इफेक्टचा करंट 180 अंशांच्या आवर्तनाने वरखाली होतो. फक्त दिशेनुसार शोषणही बदलतं, ते वेगळं मोजून भागा, नाहीतर व्हायव्हात तिथेच पकडतील. बेरियम टायटॅनेट असेल तर 120 अंश सेल्सियसच्या वर नेऊन बघा, फेरोइलेक्ट्रिक अवस्था गेली की करंटही जायला हवा.

निळी_पावडर:
आणि पावडरवर जाणार असशील तर तुलनेला स्ट्रॉन्शियम टायटॅनेट घे, बँडगॅप जवळपास तोच आणि रूम टेंपरेचरला फेरोइलेक्ट्रिक नाही. सरफेस एरिया मात्र दोन्हींचा मोजून घे आधी.