‘यश ६० टक्के’, पण कशापैकी ६०?

शून्यशेष:
मागच्या महिन्यात सिग्नलला पुढच्या रिक्षाच्या पाठीवर एका आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरची जाहिरात दिसली. गुटगुटीत बाळ आणि खाली ‘यशाचे प्रमाण ६०%’. नवरा म्हणाला, वाईट नाही की. मी बँकेत कर्जांची जोखीम मोजते, त्यामुळे तोंडातून आपोआप निघालं, ‘कशापैकी ६०?’

हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. तेव्हा मी ३७ची होते. ज्या सेंटरमध्ये गेलो (नाव घेत नाही) तिथे ‘दहातल्या सहा जणींचं होतं’ असं सांगितलं गेलं. दोन पिकअप (स्त्रीबीजं बाहेर काढणं) झाले, तीन ट्रान्सफर (तयार भ्रूण गर्भाशयात सोडणं) झाले. एकदा बीटा (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली आणि सातव्या आठवड्यात ठोके नाहीत. फाइल परत आणायला गेले तेव्हा बोलता बोलता कळलं, त्यांच्या त्या ‘सहा’त मीही धरलेली होते. बीटा पॉझिटिव्ह आली होती ना माझी!

समजायला मानीव आकडे घेऊ. १०० जणींनी इंजेक्शनं सुरू केली. १० जणींचं सायकल (उपचाराची एक खेप) मध्येच रद्द झालं, ९० पिकअपपर्यंत गेल्या, ७० जणींचं ट्रान्सफर झालं. ४२ जणींची बीटा पॉझिटिव्ह, ३४ जणींना ठोके दिसले, २८ जणींच्या घरी बाळ आलं. आता ७०पैकी ४२ म्हणजे ६० टक्के. आणि १००पैकी २८ म्हणजे २८ टक्के. सेंटर तेच, बायका त्याच, खोटं कोणीच बोललं नाही. रिक्षावर कुठला आकडा जाईल ते सांगायला नको. शिवाय त्यात डोनर एगच्या केसेस मिसळल्या की आकडा आणखी फुगतो, कारण तिथे वय मोजायचं ते बीज देणाऱ्या मुलीचं.

ब्रिटनमध्ये १९९१पासून एचएफईए नावाची सरकारी संस्था या सगळ्या नोंदी ठेवते. तिच्या २०२२च्या आकड्यांत, स्वतःचं बीज वापरलेल्या १८ ते ३४ वयाच्या बायकांमध्ये सोडलेल्या दर भ्रूणामागे बाळ जन्मण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ४३-४४ वयाला ५ टक्के. वयाने एवढा फरक पडत असेल तर वय न सांगता दिलेल्या टक्केवारीला अर्थ काय?

आपल्याकडे कायदा आहे. २०२१चा एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांचा) कायदा, जानेवारी २०२२पासून लागू. त्याच्या कलम २१प्रमाणे त्या सेंटरमध्ये यशाची शक्यता किती, खर्च आणि धोके काय, हे जोडप्याला समजावून सांगणं सेंटरचं कर्तव्य आहे. उपचारांचे निकाल राष्ट्रीय नोंदवहीत जावेत अशीही तरतूद आहे. पण माझ्यासारखीला ती उघडून सेंटरनिहाय, वयानिहाय निकाल पाहता येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक सेंटरमध्ये किती सायकल सुरू झाली आणि किती बाळं घरी गेली, हे वयोगटाप्रमाणे सरकारने जाहीर करावं. आणि तोवर हा आकडा लेखी घेतल्याशिवाय आपण ॲडव्हान्स भरू नये.

भिंगवाला:
मी एम्ब्रियॉलॉजिस्ट (भ्रूण तयार करून सांभाळणारा) आहे, १४ वर्षं लॅबमध्येच चाललीत. बीटावर यश मोजणं ही लबाडी आहे, त्यात दुमत नाही. पण सेंटरनिहाय यादीला माझा ठाम विरोध आहे.

दहावीचा शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळा आठवा. कच्च्या पोरांना आधीच १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, मग गेटवर फ्लेक्स. उद्या यादी लागली की ४१ वर्षांच्या, एएमएच ०.५ (म्हणजे बीजांचा साठा कमी) असलेल्या बाईला पहिल्याच भेटीत ‘डोनर घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा’ असं सांगतील. आमच्याकडे अशा बायका येतात. इतरांनी परत पाठवलेल्या. त्यांना घेतल्याबद्दल आमचा नंबर खाली जाणार?

दुसरा रस्ता म्हणजे एकाऐवजी दोन-तीन भ्रूण सोडायचे. टक्केवारी वाढते, सोबत जुळी-तिळीही वाढतात. मग सातव्या-आठव्या महिन्यातली बाळंतपणं आणि एनआयसीयूतले ते दीड-दोन किलोचे जीव. यादीत ते ‘यश’च.

अमेरिकेतली सार्ट ही सेंटर्सची संघटना आकडे स्वतः छापते आणि सोबत बजावते की रुग्ण आणि पद्धती वेगवेगळ्या असल्याने सेंटरांची तुलना अर्थपूर्ण असेलच असं नाही. तुमची ती एचएफईएसुद्धा सांगते, की बहुतेक क्लिनिक्स राष्ट्रीय सरासरीच्या आसपासच असतात. मग पहिला-दुसरा ठरवून करायचं काय?

शून्यशेष:
१७ नंबरचा मुद्दा मान्य. पण वयोगट वेगळे मांडले की ४१ वर्षांच्या बाईने ३० वर्षांच्या बाईचा निकाल बिघडत नाही. आणि जुळी किती, अपुऱ्या दिवसांची किती, हेही छापा. आकड्यामुळे होणारी लबाडी आकडा लपवल्याने थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. रिक्षावरचा ६० टक्के आत्ता, यादी नसतानाच फिरतोय.

एडिसनकर:
न्यू जर्सीतून. इथे १९९२ साली खास कायदा झाला आणि १९९५च्या सायकलपासून सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था क्लिनिकनिहाय आकडे छापत आली. आम्ही २०१९मध्ये ते पाहिले. खरं सांगू? पहिल्या नंबरचं क्लिनिक शोधायला त्यांचा शून्य उपयोग झाला, भिंगवाला म्हणतात तसंच. पण बायकोच्या वयाचा रकाना बघून आम्ही घरात ठरवलं, की एका खेपेत होईल असं धरायचं नाही, तीन खेपांचे पैसे बाजूला काढायचे. ते नसतं ठरवलं तर पहिल्या निगेटिव्हला कोसळलो असतो.

सीडीसीवाले नंतर बीज काढण्याच्या ठरवलेल्या खेपेपासून मोजू लागले, म्हणजे मध्येच रद्द झालेल्याही हिशेबात आल्या. शून्यशेष यांचा ‘१००पैकी’ तोच. मात्र एप्रिल २०२५मध्ये सीडीसीतली हे काम बघणारी सहा जणांची टीमच कमी केली. कायदा करून भागत नाही, आकडे गोळा करणारी माणसंही पोसावी लागतात.

पाचवी खेप:
तुम्ही सगळे हुशार आहात. मी चार खेपा केल्यात, पाचवी चालू आहे, वय ४२. मला माझा आकडा माहीत आहे. मला तो प्रत्येक डॉक्टरने, नणदेने आणि गूगलने सांगितलाय. पोटावर इंजेक्शन घेताना पाच टक्के काय आणि पन्नास टक्के काय, सुई तेवढीच टोचते. आकडा गर्दीचा असतो, मी एकटी आहे. माझं होईल तर शंभर, नाही तर शून्य.

आणि एक. आकड्यांमुळे सगळं बाईच्या वयावर येऊन बसतं. ह्यांचा रिपोर्ट आमच्या घरात तीन वर्षं कोणी उघडला नव्हता.

शून्यशेष:
तुम्ही थांबावं असं आकडा सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण एक विचारू? प्रत्येक खेपेला पॅकेजमध्ये काय काय वाढत गेलं?

पाचवी खेप:
दुसऱ्या खेपेला स्क्रॅचिंग. तिसऱ्याला भ्रूणांची जेनेटिक तपासणी. चौथ्याला पोटात चढवायची कसलीशी सलाइन. आकडा लाखात गेला.

भिंगवाला:
इथे मात्र मी शून्यशेष यांच्या बाजूने. गर्भाशयाचं अस्तर मुद्दाम खरवडायचं ते स्क्रॅचिंग. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी त्याची चाचणी केली, २०१९ साली निकाल आला. १३६४ बायका, अर्ध्या जणींना स्क्रॅचिंग, अर्ध्या जणींना नाही. बाळं दोन्हीकडे २६.१ टक्के. दशांशापर्यंत सारखा निकाल माझ्या पाहण्यात फार कमी वेळा आला आहे. त्यानंतरही ते रेटकार्डावर दिसतं. एचएफईए अशा जादा उपचारांना पुराव्याप्रमाणे रंग देते. अशी यादी मराठीत हवी, दवाखान्याच्या भिंतीवर. तिला माझा विरोध नाही, उलट मी लिहून देतो.

स्पष्टवक्ता:
एवढे लाख घालण्यापेक्षा एखादं अनाथ मूल दत्तक का घेत नाही?

पाचवी खेप:
तुम्ही किती घेतलीत?

परळकर:
विषय थोडा मागे नेतो. आकडे तपासणाऱ्या समित्यांवर एवढा भरवसा ठेवू नका. ३ ऑक्टोबर १९७८ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर सत्तरच दिवसांनी. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तेव्हा ‘विश्वासार्ह माहिती’ कोणती, हे समितीनेच ठरवलं होतं.

शून्यशेष:
पुढचंही सांगा ना. ऑगस्ट १९८६मध्ये तुमच्याच परळला, केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली, आणि भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तीच गणली गेली. त्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. आनंदकुमार यांनी नंतर मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि १९९७ साली जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःकडे आलेला मान सोडून दिला माणसाने. समिती चुकली खरी, पण माणूस खरा ठरला तो वहीतल्या नोंदींमुळेच. मी तीच वही मागतेय.

परळकर:
हं. हे मात्र खरं.

लातूरची लेक:
सेंटर निवडायचं म्हणताय ते पुण्या-मुंबईत. आमच्याकडे निवड म्हणजे एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येता येतं का, आणि हप्ते पाडून देतात का. यादी लागली तरी मी काही पहिल्या नंबरला जाऊ शकत नाही. विम्याचा तर प्रश्नच नाही, आमच्या पॉलिसीत हे बसत नाही.

फोंडेकर:
गोव्यात सप्टेंबर २०२३मध्ये बांबोळीच्या जीएमसीत (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) मोफत आयव्हीएफ सुरू झालं. तिथे रिक्षावर जाहिरात करायची गरज नाही, मग निकाल पहिल्यांदा त्यांनीच छापायला काय हरकत? सुरुवात सरकारी दवाखान्यापासून करा, खासगीवाले आपोआप उघडे पडतील.

भिंगवाला:
हे मला चालेल. तिथे कोणाला परत पाठवण्यात फायदा नाही.

लातूरची लेक:
परत आले. शून्यशेष ताई, तुमचं वाचून काल दोन ठिकाणी फोन केला. विचारलं, ‘मागच्या वर्षी ३५ ते ३७ वयाच्या किती जणींनी इंजेक्शनं सुरू केली, आणि किती बाळं झाली?’ पहिल्या ठिकाणी रिसेप्शनची मुलगी म्हणाली, असं अजून कोणी विचारलं नाही, सर आले की विचारते. दुसरीकडे डॉक्टरच फोनवर आले. म्हणाले, ४८ जणी, ११ बाळं, सहा अजून पोटात आहेत.

शून्यशेष:
लेखी देतील का विचारा.

भिंगवाला:
४८ हा लहान आकडा आहे, पुढच्या वर्षी तिथेच आठही होतील किंवा पंधराही. ११ बघून उड्या मारू नका. पण ‘सहा अजून पोटात’ असं वेगळं काढून सांगणारा डॉक्टर मला आवडला. जुळी किती, तेही विचारून घ्या.

लातूरची लेक:
विचारते. घरी ह्यांना दुसरं पटलंय. मला खरं तर पहिल्या ठिकाणच्या मॅडम आवडतात, तपासताना त्या आधी हात गरम करून घेतात. सोमवारी त्यांचा फोन येणार आहे, आकडा घेऊन.