जर्मन कस्टमरने कार्बनचा हिशोब मागितलाय, एसएमटी लाइनवाल्याने सुरुवात कुठून करायची?

लाइन_तीन
नमस्कार मंडळी. भोसरीत एका ईएमएस कंपनीत (दुसऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवून देणारी) प्रोसेसला आहे, तीन एसएमटी लाइन, म्हणजे बोर्डावर मशीनने पार्ट बसवून सोल्डर करायच्या, बहुतेक माल गाड्यांचे कंट्रोलर बोर्ड. मागच्या आठवड्यात जर्मनीच्या कस्टमरने एक्सेल पाठवली, स्कोप १ (आपल्या आवारातून थेट हवेत जाणारं) आणि स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेचं) वेगवेगळं भरा, फ्लोरिनवाले गॅस वापरता का ते लिहा आणि तीन वर्षांत किती कमी करणार तेही लिहा. साहेब म्हणतात छतावर सोलर आहे ना, तेवढं टाक आणि पाठवून दे. पण ते सोलर दुपारी एसीला जेमतेम पुरतं, आणि नेटवर बघावं तर जो तो एनएफ३ नि सीएफ४ या फ्लोरिनवाल्या गॅसबद्दल बोलतोय, आमच्याकडे तसला एक सिलिंडर नाही. मग आमचं नेमकं जातं कुठून?

वेफरवाली
मी मूळची साताऱ्याची, सध्या तैवानला सिंचूत फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, इचिंगला (गॅसने चिपवर नक्षी कोरायचं काम). तू वाचलंस ते आमचं दुखणं आहे दादा, तुझं नाही.
आमच्याकडे वेफरवर, म्हणजे चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, थर चढवतात तेव्हा चेंबरच्या भिंतींवरही काचेसारखा थर बसतो, तो खरवडायला फ्लोरिन लागतो. पूर्वी त्यासाठी सी२एफ६ गॅस सोडायचे आणि त्यातला अर्ध्याहून जास्त न फुटता तसाच बाहेर. आता एनएफ३ आधी बाहेरच प्लाझ्मात फोडून मग आत सोडतात, जवळपास सगळा फुटतो, म्हणून एनएफ३ कार्बन डायऑक्साइडच्या १७ हजार पट वाईट असूनही हिशोब फायद्याचा पडतो. अर्थात फुटतो म्हणून सगळे निर्धास्त राहिले आणि २००८ ला अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेवाल्यांनी हवेतच मोजला तर अंदाजाच्या चौपटीहून जास्त निघाला, मग कुठे तो क्योटो हवामान कराराच्या यादीत आला.
इचिंगचा सीएफ४ मात्र टळत नाही. तो इतका हट्टी की हवेत गेला की ५० हजार वर्षं तिथेच. प्रत्येक मशीनखाली स्क्रबर असतो, ज्वाळेत जाळायचा आणि पाण्याने धुवायचा, पण सीएफ४ फुटायला हजार-बाराशे डिग्रीच्या वर जावं लागतं, म्हणजे इंधन जाळा, त्याचा धूर वेगळा, धुतलेल्या पाण्यात हायड्रोफ्लोरिक अॅसिड, त्यात चुना टाका, मग त्याचा गाळ. एक घाण मिटवायला तीन सांभाळायच्या. तरी होतं हं. चिपवाल्यांच्या जागतिक संघटनेने १९९९ ला ठरवलं होतं की १९९५ च्या मानाने २०१० पर्यंत १० टक्के कमी करू, प्रत्यक्षात ३२ टक्के केलं.
धोलेऱ्याला टाटांचा फॅब होतोय तिथे कोणी ओळखीचं असेल तर एवढंच सांगा, स्क्रबरची जागा पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर खाली पाइपांच्या गर्दीत माणूस शिरत नाही, स्क्रबर कुठला शिरणार.

कटिंग_चहा
फॅब म्हणे. तळेगावला येणारा येणारा म्हणून आमच्या भावकीत दोघांनी प्लॉट घेऊन ठेवले होते. असो, चालू द्या.

एमआयडीसी_काका
वीस वर्षं एनर्जी ऑडिट करतोय म्हणून सांगतो, एसएमटीवाल्याचं जवळपास सगळं लाइटबिलात असतं. आपल्या ग्रिडची वीज म्हणजे युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे आधी वर्षभरात वापरलेली एकूण युनिटं काढ, सोलरची वजा कर, गुणाकार कर, स्कोप २ झाला. सोलर चांगलंच आहे रे, पण ते दाखवून लोक कॉम्प्रेसरकडे पाठ फिरवतात त्याचा मला राग येतो. पिक अँड प्लेसला (पार्ट बसवणारं मशीन) दाबाची हवा लागते, स्टेन्सिल क्लिनिंगला लागते, आणि रिफ्लोला (सोल्डर वितळवायचा ओव्हन) नायट्रोजन घरीच बनवत असाल तर तीही शेवटी कॉम्प्रेसरचीच हवा.
रविवारी लाइन बंद असताना कॉम्प्रेसर चालू कर आणि घड्याळ लावून बस. किती वेळ लोडवर (हवा भरतोय) आणि किती वेळ अनलोड (नुसता फिरतोय), दोन्ही लिही. माल बनत नाहीये तरी लोड घेतोय म्हणजे ती सगळी गळती. आणि प्रेशर किती ठेवलंय बघ, एक बार कमी केला तर कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज तिथेच वाचते.
स्कोप १ मध्ये जनरेटरचं डिझेल घाल, लिटरला २.७ किलो धर. मग चिलरमध्ये वर्षभरात किती गॅस भरला त्याची बिलं काढ. आर-४१०ए दोन हजार पट आहे, वीस किलो टॉपअप म्हणजे ४० टन, आणि टॉपअप म्हणजे आधीचा उडून गेला एवढाच त्याचा अर्थ. फ्लोरिनच्या रकान्यात नाही लिहिण्याआधी गेटजवळच्या आरएमयूची (हाय टेन्शन स्विचची पेटी) पाटी वाच, बहुतेकांत एसएफ६ हा फ्लोरिनवाला गॅस असतो. किलोला साडेतेवीस हजार किलो कार्बन डायऑक्साइड!

ओव्हन_झोन_सात
लो टेंपरेचर सोल्डरचं कोणी सुचवेलच म्हणून आधीच लिहितो. टिन-बिस्मथ १३८ ला वितळतं, आपलं नेहमीचं एसएसी (टिन-चांदी-तांबं) २१७ ला, त्यामुळे ओव्हन बराच खाली चालतो, लेनोवोने २०१७ पासून लॅपटॉपला वापरलंय. पण जॉइंट ठिसूळ, आणि गाडीच्या बॉनेटखाली मुळीच नको, कस्टमर दारात उभा करणार नाही. तुमचा माल गाड्यांचा आहे तर हा नाद सोडा.
त्यापेक्षा ओव्हनचा एक्झॉस्ट बघा. आमच्याकडे डँपर कायम पूर्ण उघडा, एसीची गार हवा तो दिवसभर ओढून छताबाहेर फेकायचा आणि एसी बिचारा परत गार करायचा. फ्लक्सच्या धुरापुरता ठेवला तर दोन्हीकडे वाचतं. जेवणाच्या सुट्टीत ओव्हन स्टँडबायला टाकायला ऑपरेटर तयार होत नाहीत, परत गरम व्हायला अर्धा तास जातो म्हणतात, त्यांचंही बरोबर आहे.
आणि व्हेपर फेज मशीन (वाफेच्या उष्णतेने सोल्डर करणारं) असेल तर त्यातलं उकळणारं द्रवही फ्लोरिनवालं असतं, ते यादीत घाला.

वेफरवाली
हे राहिलंच. कोरे पीसीबी बनवणारे ड्रिलची भोकं साफ करायला प्लाझ्मात सीएफ४ वापरतात. ते तुझ्या स्कोप ३ मध्ये (सप्लायरकडचं वगैरे) येईल, सप्लायरला विचारून ठेव, जर्मन पुढच्या वर्षी विचारणारच.

लाइन_तीन
ताई, काका, सगळ्यांचे आभार. रविवारी बसलो घड्याळ घेऊन. ३७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर, दहा मिनिटांत तीन मिनिटं लोडवर, म्हणजे ३० टक्के नुसती गळती. ११ किलोवॅट धरून वर्षाचे ७२०० तास म्हणजे ७९ हजार युनिटं, ५५ टन. साहेबांना टन सांगितले तर हूं केलं, रुपये सांगितले तर खुर्ची पुढे ओढली. आरएमयूच्या पाटीवर एसएफ६ आहेच, व्हेपर फेज नाही. काका, गळती शोधायचं ते अल्ट्रासोनिक यंत्र भाड्याने मिळतं का, विकत घ्यायला लगेच हो म्हणणार नाहीत.

एमआयडीसी_काका
मिळतं, पण थांबू नकोस. बादलीभर साबणाचं पाणी आणि ब्रश घे, फीडरच्या क्विक कपलिंगपासून सुरू कर. आणि ड्रायरचा ऑटो ड्रेन उघडाच अडकलाय का ते बघ, माझ्या अनुभवात निम्म्या ठिकाणी तोच निघतो.