जुन्या गाडीतला सिगरेटचा वास काही केल्या जात नाही

मागची_सीट:
दीड महिन्यापूर्वी सहा वर्षं वापरलेली गाडी घेतली. बघायला गेले तेव्हा सकाळची वेळ होती, चारही काचा खाली होत्या आणि आरशाला सुगंधी पुडी लटकत होती. इंजिन, क्लच, टायर सगळं नीट तपासलं, वासाचा विचारच मनात आला नाही. तिसऱ्या दिवशी गाडी दुपारभर उन्हात राहिली. दार उघडलं आणि शिळ्या राखेचा कडवट भपकारा अंगावर आला.

आईला दमा आहे. गाडी घेतली तीच तिची दवाखान्याची ये-जा सोपी व्हावी म्हणून. पहिल्याच फेरीत दहा मिनिटांत ती खोकायला लागली आणि उरलेला सगळा रस्ता खिडकीतून तोंड बाहेर काढून बसली. आता म्हणते, मला बसनंच जाऊ दे.

आतापर्यंत सुगंधी जेल लावून झालं. खाण्याचा सोडा रात्रभर सीटवर पसरून मग व्हॅक्यूम केलं. कोळशाच्या पिशव्या ठेवल्या. सोड्यानं दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एसी सुरू केला की पहिलं मिनिटभर तर बसवत नाही. एक जण ओझोन मशीन (ओझोन वायू सोडणारं यंत्र) लावून तासाभरात वास घालवून देतो म्हणतात. लावून घेऊ का?

रबरी_हातमोजे:
ओझोनचं नंतर बघू. आधी एक पांढरं फडकं ओलं करा आणि पुढच्या काचेवर आतून फिरवा. फडकं पिवळट-तपकिरी झालं तर तुमचा वास म्हणजे तोच थर. मी अकरा वर्षं गाड्या आतून साफ करतोय आणि प्रत्येकाला हेच सांगतो की वास हवेत नसतो. धुरातलं निकोटीन आणि डांबर काचेवर, प्लास्टिकवर, कापडावर चिकटून बसतं. गाडी तापली की त्यातून वाफ सुटते. म्हणून सकाळी वास नाही आणि दुपारी आहे. थर आहे तिथेच राहिला तर जेल, सोडा, कोळसा काहीही ठेवा, ऊन लागलं की वास परत येणार. धुऊन काढणं हाच उपाय आहे, आणि त्याला वेळ लागतो.

सुरुवात छतापासून करा. धूर वर जातो, त्यामुळे सगळ्यात जास्त तिथेच बसतो आणि लोक नेमकं तेच सोडतात. पण छताचं कापड पातळ फोमवर गोंदानं चिकटवलेलं असतं. ते भिजलं किंवा त्यावर वाफेचं मशीन मारलं तर गोंद सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबायला लागतं. क्लीनर कधीही छतावर फवारू नका, फडक्यावर घ्या. फडकं घट्ट पिळून, वीतभर जागा एका वेळी, हलक्या हातानं पुसा. फडकं मळलं की बदला. ऊन अडवायची ती झडप दोन्ही बाजूंनी पुसा. ओढणाऱ्याच्या तोंडासमोर तीच असते.

मग काचा, डॅशबोर्ड, दारांची आतली बाजू. प्लास्टिकला निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी चालतं. काचांवर फिल्म असेल तर अमोनियावालं क्लीनर वापरू नका, फिल्म खराब होते. एसीच्या जाळ्यांच्या फटी मऊ ब्रशनं साफ करा.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा आणि आत जाऊ नये म्हणून वर चिमटा लावा. सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसा. ब्लीच अजिबात नको, पट्टा कमकुवत होतो. रात्रभर वाळू द्या, मगच आत सोडा. रोज खांद्यावरून, नाकाच्या इतक्या जवळून जाणारी ही पट्टी कोणाच्या लक्षातच येत नाही.

कापडी सीट आणि खालचं कार्पेट पाणी मारून लगेच ओढून घेणाऱ्या मशीननं धुवायचं. बादलीनं पाणी ओतू नका, फोम वाळला नाही तर बुरशीचा वास पदरात पडेल. सीटखाली पिवळ्या वायरी दिसतील, त्या एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नका.

एसीचा भपका केबिन फिल्टरचा, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीचा आहे. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. आजच काढून फेका, पण नवा सगळी सफाई झाल्यावरच बसवा, नाहीतर तोही वास पिऊन बसेल.

परतीचा_रस्ता:
मी सफाई न करता थेट ओझोन लावलं होतं. दोन आठवडे गाडी नवी असल्यासारखी वाटली. मग एक कडक उन्हाचा दिवस आला आणि वास होता तिथेच. वर काही दिवस एक वेगळाच तिखट वास येत होता तो निराळाच.

प्रयोगवही:
मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आईच्या दम्यासाठी मुद्दाम लिहितेय. ओझोन फुप्फुसांना चुरचुरतो आणि दमा असलेल्यांना त्याचा जास्त त्रास होतो. शिवाय निकोटीनशी त्याची क्रिया झाली की अतिसूक्ष्म कण तयार होतात. थर जागेवर असताना ओझोन सोडणं मला पटत नाही. रबरालाही तो कडक करतो, भेगा पाडतो.

हा थर केवळ वासापुरता नाही. २०१० मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून नायट्रोसमाइन्स बनवतं, त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. धूम्रपान करणाऱ्याच्या गाडीतल्या पृष्ठभागांवरही त्यांना ती सापडली होती. आईचं खोकणं मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका.

व्हिनेगर का चालतं, तेही सांगते. निकोटीन अल्कधर्मी आहे. आम्ल लागलं की त्याचा क्षार बनतो, तो उडून जात नाही आणि पाण्यात सहज विरघळतो. सोडा स्वतःच अल्कधर्मी, म्हणून निकोटीनवर त्याचा जोर चालत नाही.

मागची_सीट:
बारा दिवसांनी लिहितेय. काचेवरचं फडकं चहाच्या रंगाचं झालं. छताला तीन संध्याकाळी लागल्या, अठरा फडकी. सीट बेल्टचं पाणी पाहून मला रडू आलं, कारण आई त्याच बेल्टला टेकून बसली होती. सीट मशीननं धुऊन घेतल्या. आता वास पुष्कळ कमी आहे, पण दुपारी मागच्या बाजूला अजून थोडा जाणवतो. की मलाच आता कळेनासं झालंय?

रबरी_हातमोजे:
तुमचं नाक सरावलंय, त्याच्यावर विसंबू नका. गाडीत कधीच न बसलेल्या माणसाला बोलवा, गाडी अर्धा तास बंद करून उन्हात ठेवा आणि त्याला दार उघडायला सांगा. मागच्या बाजूला म्हणताय तर डिकीचं कार्पेट आणि स्टेपनीचा खड्डा बघा. मागच्या काचेखालची फळी आणि हेडरेस्टही राहिले असतील, तेही काढून पुसा.

मागची_सीट:
फळी! तिला हातच लावला नव्हता. फडकं काळं निघालं. शेजारच्या ताईंनी काल दार उघडून वास घेतला, म्हणाल्या साबणाचा येतोय. आईला रविवारी नेणार आहे. नवा फिल्टर आज आणलाय, त्यावर बाण आहे, तो कुठे करायचा?

रबरी_हातमोजे:
हवा ज्या दिशेनं वाहते त्या दिशेला. बऱ्याच गाड्यांत तो खाली येतो, तरी जुना काढताना फोटो काढला असेल तर त्याच्याशी जुळवून बसवा.