मेल्क ते क्रेम्स सायकलने: कुठला काठ धरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुलैत व्हिएन्नाला मुलीकडे जातोय. त्यातला एक दिवस मी आणि बायकोने सायकलसाठी राखलाय: डॅन्यूबच्या काठाने मेल्क ते क्रेम्स, म्हणजे वाखाऊ खोरं. अंतर ४० किमीच्या आत-बाहेर, वाट बहुतेक सपाट. पण हिचा उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून विचारतोय.

स्पिट्झ, वाइसेनकिर्शेन, ड्युर्नस्टाइन ही सगळी जुनी गावं उत्तर काठावर. दक्षिण काठ शांत, तिथे गर्दी कमी असं ऐकलंय. स्पिट्झला प्रवाहाच्या जोरावर, इंजिनाशिवाय चालणारी फेरी बोट आहे. मेल्कहून दक्षिणेने निघून तिथे सायकलींसकट पलीकडे गेलो तर जमेल का? की उगाच द्राविडी प्राणायाम?

ड्युर्नस्टाइनचा किल्ला मला चुकवायचा नाही. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ मध्ये तिथे कैदेत होता. सायकली खाली लावून चढायचं म्हटलं तर किती वेळ धरू? ही खाली जर्दाळूचे डंपलिंग खात बसेल, तिची तक्रार नाही.

आणखी एक. मागे ब्रुजला भाड्याने मिळालेल्या सायकलला हाताचा ब्रेकच नव्हता, पेडल उलटं दाबलं की चाक थांबायचं. पहिल्याच वळणावर मी सवयीने पेडल मागे फिरवलं आणि थेट कुंपणात. मेल्कला हँडब्रेकवाली सायकल मागून मिळते का? आणि क्रेम्सला परत देता येते का, की बोटीने उलटं यावं लागेल?