मदत हवी आहे: 'भोपळ्यापासून जवारीपर्यंत सगळं' हे इंग्रजीत कसं म्हणायचं? रन, रेंज की कव्हर?

गणपतीपेठकर

नमस्कार मंडळी. राहतो सांगलीत, पण संध्याकाळचे दोन तास मिरजेत एका तंतुवाद्यांच्या कारखान्यात हिशेब आणि पत्रव्यवहार बघतो. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा, उगाच मोठं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्या मालकांच्या डोक्यात परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंग्रजी पत्रक काढायचं आहे. मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणतो.

चाचांनी मजकूर एका दमात सांगितला, "लिही. भोपळ्यापासून जवारीपर्यंत सगळं इथंच होतं." भोपळा म्हणजे वाद्याचा खालचा गोल भाग, आणि जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज उघडायचं काम. मराठीत काम झालं. इंग्रजीत अडलं ते आठ दिवस अडलंय.

पहिला प्रयत्न माझाच. 'वुई डू पम्पकिन टू जवारी.' दोनशे प्रती छापूनही घेतल्या. हॉलंडच्या एका गायिकाबाईंना फोटो पाठवला तर त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, की तुम्ही भाजीपण पाठवता का. आपला वाळवलेला भोपळा म्हणजे गोर्ड, पम्पकिन म्हणजे लाल भोपळा, हे तेव्हा कळलं. दोनशे प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता हिशेब लिहितोय.

मग भाचीनं वाक्य दिलं, 'अवर वर्क रन्स फ्रॉम गोर्ड टू जवारी.' मला आवडलं. चाचांना वाचून अर्थ सांगितला तर त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "रन म्हणजे पळणं ना रे? काम कुठं पळून चाललंय?" ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

इंटरनेटवर आणखी पर्याय सापडले. रेंजेस फ्रॉम, कव्हर्स एव्हरीथिंग, आणि 'रन द गॅमट' असं काहीतरी. कुठला घ्यावा? शनिवारी छापखान्यात द्यायचंय.

टिंग्या_२

गूगल ट्रान्सलेटला टाका की राव.

गणपतीपेठकर

@टिंग्या_२ टाकलं. पम्पकिन तिथूनच आला.

विट्याचे_मास्तर

चाचांची शंका रास्त आहे, पण उत्तर मराठीतच आहे. रनला पळणं हा एकच अर्थ चिकटवून आपण पाचवीपासून फसतो. शाळा जूनपासून एप्रिलपर्यंत चालते. ती पायांनी चालते का? दुकान चालतं. जुनी संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची. रस्ता हरिपूरपर्यंत जातो, आणि तरी तो सकाळी जागेवरच असतो. एखादी गोष्ट इथून तिथवर अखंड आहे, मध्ये तुटत नाही, हे सांगायला आपण चालणं-जाणं वापरतो आणि इंग्रज रन वापरतो. चाचांना सांगा, रन म्हणजे इथं 'चालतं'. काम भोपळ्यापासून जवारीपर्यंत चालतं.

आता रेंज. रेंजमध्ये सुट्या सुट्या वेगवेगळ्या वस्तू असतात. किमती अमुकपासून तमुकपर्यंत रेंज होतात, वयं रेंज होतात. तुमचे तानपुरे लहानापासून मोठ्यापर्यंत आहेत, तिथं रेंज चपखल बसेल. पण एकाच वाद्याचं काम पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एका हाताखाली होतं, हे रेंजनं नीट कळत नाही. वाचणाऱ्याला वाटेल, हे लोक काही दिवस भोपळे विकतात आणि काही दिवस जवारी काढतात.

मी 'रन्स फ्रॉम' ठेवीन. भाचीला शाबासकी द्या.

हरिपूररोड

कव्हर अजिबात नको. मी विम्याच्या कामात आहे, त्यामुळं हा शब्द मला झोपेत दिसतो. 'वुई कव्हर एव्हरीथिंग फ्रॉम गोर्ड टू स्ट्रिंग' असं छापलंत आणि विमानात भोपळा फुटला, की गिऱ्हाईक म्हणणार, तुम्हीच लिहिलंय की सगळं कव्हर आहे. शिकवण्याच्या संदर्भात ठीक असतं, 'ह्या कोर्समध्ये सगळे राग कव्हर होतात' वगैरे. माल विकणाऱ्याच्या पत्रकात हा शब्द हमीसारखा वाचला जातो.

खर्ज_भरा

गॅमटचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण हा शब्द तुमच्याच धंद्यातला आहे.

अकराव्या शतकात इटलीत अरेत्सो गावाशी नाव जोडलेले ग्वीदो नावाचे एक साधू होते. मुलांना स्तोत्रं लवकर गाता यावीत म्हणून त्यांनी स्वरांना अक्षरं दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. एका स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेतली होती. उतचं पुढं डो झालं. त्या काळच्या स्वरपंक्तीतला सगळ्यांत खालचा स्वर ग्रीक गॅमा ह्या अक्षरानं दाखवायचे. त्या जागेवरचा उत म्हणजे गॅमा-उत, त्याचं गॅमट झालं. म्हणजे मुळात हे तळाच्या एका स्वराचं नाव. मग ते सगळ्या पंक्तीला लागलं, आणि मग कुठल्याही गोष्टीच्या पूर्ण पल्ल्याला. आपण खर्जालाच सप्तक म्हणू लागलो असतो तर जसं झालं असतं, तसं.

'रन द गॅमट' म्हणजे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं येणं. पण तो भाव, मतं, प्रकार अशा वैविध्याला शोभतो. 'अवर तानपुराज रन द गॅमट' म्हटलं तर सगळ्या प्रकारचे तानपुरे आहेत असा अर्थ होईल. मास्तरांनी रेंजबद्दल सांगितलं तेच इथंही. कामाच्या साखळीला तो नको. वाईट वाटतं, वाद्यांच्या पत्रकात फार सुंदर दिसला असता.

आणि एक सावधगिरी. 'रन द गॉन्टलेट' हा वेगळा वाक्प्रचार आहे. दोन रांगांमधून पळायचं आणि दोन्हीकडून मार खायचा, अशी ती शिक्षा होती. बरेच जण दोन्हींची सरमिसळ करतात.

गणपतीपेठकर

@खर्ज_भरा आमचे तानपुरे कुरियरनं जातात तेव्हा गॉन्टलेटच रन करतात. मागच्या वर्षी एकाची दांडी गळ्यापाशी सुटून पोचली. ते पत्रकात लिहीत नाही.

मास्तर, तुमचं उत्तर जसंच्या तसं चाचांना वाचून दाखवलं. रस्त्याचं उदाहरण ऐकून हसले, रन मान्य झाला. पण मग दुसरीच गाठ पडली. म्हणाले, "भोपळा आपण पिकवतो का? तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तारा आपण ओढतो का? मग 'गोर्डपासून' कसं म्हणायचं? खोटं नको."

विट्याचे_मास्तर

चाचांना इंग्रजीच्या परीक्षेला बसवा. फ्रॉम आणि टूच्या पुढं वस्तू ठेवली की हा घोळ होतोच, 'पासून' आणि 'पर्यंत'नंही होतो. ती वस्तू धरून की सोडून, कोण ठरवणार? म्हणून वस्तू काढा आणि क्रिया ठेवा. भोपळ्याचं पहिलं काम तुमच्याकडं काय होतं? आणि शेवटचं काय?

गणपतीपेठकर

पहिलं काम म्हणजे भोपळा निवडणं. चाचा तो हातात फिरवतात, बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवतात, साल कुठं पातळ आहे ते ऐकतात. दहातले दोन-तीन बाजूला काढतात. नंतर कापणं, तूनच्या लाकडाचा गळा आणि दांडी, तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी बसवणं, नक्षी, खुंट्या.

शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसेनं घासायचा, इतका कमी की भुकटीसुद्धा दिसत नाही. तार छेडायची, परत घासायचं. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत न्यायचा. एका जागी आवाज एकदम उघडतो, मधमाश्या आल्यासारखा. त्या जागेच्या केसभर पुढं गेलं की परत बंद. हे चाचा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत, मुलालाही अजून नाही.

म्हणजे वाक्य असं करतो: 'अवर वर्क रन्स फ्रॉम चूजिंग द गोर्ड टू सेटिंग द जवारी, ऑल इन वन वर्कशॉप.' चालेल?

विट्याचे_मास्तर

चालेल. रन होईल.

हरिपूररोड

'ऑल इन वन' लागोपाठ आलं तर प्रिंटरची जाहिरात वाटते. 'ऑल अंडर वन रूफ' करा. आपल्याकडंही एका छताखाली म्हणतातच.

गणपतीपेठकर

केलं. चाचांना शेवटचं वाचून दाखवलं. रूफ म्हणजे छप्पर सांगितल्यावर वर बघितलं, म्हणाले पावसाळ्याआधी दोन पत्रे बदलायचेत, ते मात्र लिहू नको. शनिवारी छापायला देतोय. ह्या वेळी पन्नासच प्रती.