पहिल्या पाळीचे वय खाली येण्यामागे नेमके काय आहे?

धागाकर्ती: एखाद्या मुलीला पाळी लवकर आली की दोष प्लास्टिकला दिला जातो. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उत्तर युरोपात पहिली पाळी सरासरी सोळाव्या-सतराव्या वर्षी येत असे आणि १९६० च्या सुमारास ते वय तेराच्या आसपास आले होते. म्हणजे घसरणीचा मोठा भाग प्लास्टिक घरोघरी पोहोचण्याआधीच घडून गेला होता. पोटभर अन्न आणि बालपणीच्या आजारांत झालेली घट, ही त्यामागची मुख्य कारणे. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन शरीरातील साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळवते, आणि तो साठा फारच अपुरा असेल तर वयात येण्याची प्रक्रिया रेंगाळते. कठोर सराव करणाऱ्या सडपातळ खेळाडू मुलींना पाळी उशिरा येते, ती बव्हंशी यामुळेच.

प्रतिसाद १: इतिहास मान्य आहे, पण आजचा प्रश्न त्याने सुटत नाही. कोपनहेगनमध्ये १९९१–९३ आणि २००६–०८ या काळांतील मुलींची तुलना झाली, तेव्हा स्तनवाढ सुरू होण्याचे सरासरी वय १०.९ वरून ९.९ वर आलेले दिसले, आणि वजन-उंचीचे प्रमाण हिशेबात घेऊनही हा फरक उरला. पंधरा वर्षांत जनुके बदलत नाहीत. मग संप्रेरकांसारखी वागणारी रसायने संशयातून वगळायची कशाच्या आधारावर?

धागाकर्ती: वगळू नयेच. मात्र त्याच अभ्यासात पाळीचे वय १३.४ वरून १३.१ इतकेच उतरले होते, हेही सांगायला हवे. स्तनवाढ आणि पाळी यांत साधारण दोन-अडीच वर्षांचे अंतर असते आणि दोन्ही टप्पे एकाच वेगाने सरकत नाहीत. थॅलेट्सवरील, म्हणजे प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांवरील, अभ्यासांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत. संशय आणि पुरावा यांतला हा फरक मी सोडणार नाही.

प्रतिसाद २: आपण दोघेही सरासरीबद्दल बोलत आहात, आईला चिंता असते ती एका मुलीची. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार एकाच समाजातील मुलींमधल्या फरकाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा आनुवंशिक असतो, म्हणून आईला पाळी कधी आली हा प्रश्न आधी विचारावा. भीतीपोटी वाढत्या मुलीचे जेवण तोडणे मला सर्वांत घातक वाटते.

प्रतिसाद १: जेवणाबाबत पूर्ण सहमत. परंतु आठ वर्षांच्या आत स्तनवाढ दिसली, तर ‘आईकडून आले असेल’ म्हणून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावेच.